टपालाच्या थैल्या, वाको आणि डाकोटा : प्रवासी विमानसेवेचा इंदूरमार्गे इतिहास

इंदूर शहराच्या पूर्वेकडील परदेशीपुरा ही गिरणी कामगारांची जुनी वस्ती आहे. माळवा मिल, कल्याण मिल, राजकुमार मिल यांच्या भोंग्यांवर या भागाचा दिनक्रम ठरत असे. जुन्या मराठीत उत्तरेकडून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसास परदेशी म्हणत, आणि गिरण्यांनी दूरदूरच्या मुलखांतून माणसे इंदुरात आणली, ती रेल्वेने. मुंबईहून निघालेला उतारू खांडव्याला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसे आणि घाट चढून महू करीत इंदूरला पोहोचे. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, बिजासन टेकडीजवळ, १९३५ साली होळकर संस्थानाने विमानतळ बांधला. जागा निवडण्यासाठी संस्थानाने नायजेल नॉर्मन या ब्रिटिश विमानतळतज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळाशी नॉर्मन यांचे नाव जोडलेले आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात चाकांना धरून ठेवते, हे ध्यानात घेता जागेची निवड ही किरकोळ बाब नव्हती.

त्या वेळी गादीवर यशवंतराव होळकर (दुसरे) होते. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग हा आधुनिक शैलीचा राजवाडा सजवून घेतला होता. अशा राजाला विमानाची हौस असणे स्वाभाविकच होते, आणि आरंभी बिजासनचा तळ खासगी उड्डाणांसाठीच वापरला गेला. प्रवासी व टपाल यांची नियमित ने-आण ही मात्र निराळी गोष्ट. तिच्यासाठी हौस पुरत नाही, वेळापत्रक आणि हिशेब लागतो. हा हिशेब जगात प्रथम कुठे जुळला, हे पाहिल्याशिवाय इंदूरच्या विमानसेवेचा अर्थ लागत नाही.

लाकडी पंख ते धातूचे कवच

पहिल्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत प्रवासी विमाने उडू लागली, तरी त्यांतली बहुतेक लाकूड, कापड आणि तारांनी बांधलेली होती. जर्मनीच्या युंकर्स कंपनीने १९१९ मध्येच एफ-१३ हे संपूर्ण धातूचे छोटे प्रवासी विमान उडवले होते, पण सर्वांनी तो मार्ग लगेच धरला नाही. अमेरिकेत या प्रश्नाला धार आली ती एका अपघाताने. ३१ मार्च १९३१ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे फोकर एफ-१० विमान कॅन्सस राज्यात कोसळले. मृतांत नोत्र दाम विद्यापीठाचे विख्यात फुटबॉल प्रशिक्षक न्यूट रॉकनी होते, त्यामुळे देशभर खळबळ उडाली. लाकडी पंखाच्या जोडांतील सरस ओलाव्याने निकामी झाल्याचा संशय पुढे आला. अशा पंखांची वारंवार तपासणी सक्तीची झाली आणि ती खर्चिक असल्याने लाकडी विमाने कंपन्यांना परवडेनाशी झाली.

यातून जे विमान जन्मले त्यास आधुनिक प्रवासी विमानांचा आद्य नमुना मानतात. बोइंग कंपनीचे २४७ हे विमान ८ फेब्रुवारी १९३३ रोजी प्रथम उडाले. संपूर्ण धातूचे शरीर, बाहेरून तारांचा आधार न घेणारा एकच पंख, उड्डाणानंतर आत ओढून घेता येणारी चाके, दोन इंजिने आणि दहा प्रवासी. ताशी सुमारे ३०० किलोमीटर हा त्याचा वेग त्या काळच्या मानाने विलक्षण होता. दोष एकच, पण रोज जाणवणारा. पंखाचा मुख्य तुळईसारखा भाग प्रवासी कक्षाच्या मधून जात असे आणि उतारूंना तो ओलांडून पलीकडे जावे लागे.

या विमानाची पहिली ६० नगे बोइंगच्याच गटातील युनायटेड कंपनीसाठी राखीव झाली. टीडब्ल्यूएला नकार मिळाला. तेव्हा त्या कंपनीचे जॅक फ्राय यांनी २ ऑगस्ट १९३२ रोजी इतर कारखानदारांना एक लहानसे पत्र धाडले. त्यांना तीन इंजिनांचे, किमान बारा प्रवाशांचे धातूचे विमान हवे होते. एक इंजिन बंद पडले तरी कंपनीच्या कोणत्याही तळावरून ते सुखरूप उडाले पाहिजे, अशी अट होती. डग्लस कंपनीने दोनच इंजिनांवर ही अट पुरी करण्याचे धाडस केले. तिचे डीसी-१ हे एकमेव विमान १ जुलै १९३३ रोजी उडाले आणि पुढे ॲरिझोनातील विन्स्लो या उंचावरील तळावरून एक इंजिन बंद करून त्याने चाचणी पार पाडली. इंजिन बंद पडणे ही तेव्हा रोजची शक्यता होती. त्यामुळे सामान्य माणसाला विमानात बसण्याचा धीर आला त्याचे श्रेय वेगापेक्षा या एका अटीला अधिक द्यावे लागेल.

डीसी-१ वरून चौदा प्रवाशांचे डीसी-२ तयार झाले. ऑक्टोबर १९३४ मधील लंडन-मेलबर्न विमानशर्यतीत हॉलंडच्या केएलएम कंपनीचे ‘उइव्हर’ हे डीसी-२ प्रवासी आणि टपाल घेऊन उतरले आणि खास शर्यतीसाठी बनवलेल्या एका ब्रिटिश विमानाखालोखाल दुसरे आले. बोइंग २४७ तिसरे आले. या शर्यतीत अलाहाबाद हा सक्तीचा थांबा होता, म्हणजे नव्या युगाची ही दोन्ही विमाने भारतीय भूमीला स्पर्शून गेली.

त्यानंतर आले डीसी-३. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला बरोबर बत्तीस वर्षे झाली त्या दिवशी, १७ डिसेंबर १९३५ रोजी, ते प्रथम उडाले. मूळ कल्पना रात्रीच्या प्रवासासाठी चौदा शायिकांच्या विमानाची होती. शायिका काढून खुर्च्या मांडल्या तर एकवीस माणसे बसतात असे दिसून आले आणि विमानव्यवसायाचे गणितच पालटले. इंजिने दोनच, वैमानिक तेवढेच, इंधनाचा खर्च थोडाच अधिक, पण तिकिटे चौदाऐवजी एकवीस. तोपर्यंत अमेरिकेतील विमान कंपन्या टपालाच्या सरकारी कंत्राटावर जगत होत्या. केवळ उतारूंच्या भाड्यावर नफा मिळवून देणारे पहिले विमान म्हणून डीसी-३ ची ख्याती आहे. फिरत असताना पात्यांचा कोन बदलणारे पंखे, उतरताना वेग आवरणाऱ्या झडपा, पंखांवरील बर्फ झाडणाऱ्या रबरी पट्ट्या, स्वयंचलित सुकाणू ही साधने सुटी सुटी आधीही होती. या पिढीच्या विमानांत ती एकत्र आली.

टपालाच्या आधाराने

भारतात या वेळी चित्र फार वेगळे होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू तळापर्यंत ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे विमान आणले. पुढचा बेल्लारी-मद्रास टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुरा केला. इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेले विलायती टपाल दक्षिणेत पोहोचवणे, हा या सेवेचा खरा उद्योग. सरकारी अनुदान नव्हते. टपालाच्या वजनावर मिळेल तेवढेच उत्पन्न. जुहूचा तळ पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा सारा संसार पुण्यात येरवड्याला हलवावा लागे. पहिल्या पूर्ण वर्षात, १९३३ मध्ये, या सेवेने १५५ प्रवासी आणि सुमारे पावणेअकरा टन टपाल नेले. वर्षभरात दीडशे उतारू, म्हणजे दोन दिवसांत एकही नाही! उतारू हा टपालाचा सोबती होता, एवढाच त्याचा अर्थ.

गोमंतकाच्या वाचकांस याच मालिकेतील एक टप्पा जवळचा वाटेल. ऑक्टोबर १९३५ च्या अखेरीस टाटांनी मुंबई-त्रिवेंद्रम सेवा आरंभली, आणि वाटेत गोवा व कन्नूर हे थांबे होते. गोवा पोर्तुगीज अमलाखाली, कन्नूर ब्रिटिश मुलखात आणि त्रिवेंद्रम त्रावणकोर संस्थानात, असे तीन सत्तांचे प्रदेश एका छोट्या विमानाने जोडले जात होते.

दिल्लीकडे जाणारा मार्ग ६ नोव्हेंबर १९३७ रोजी सुरू झाला : मुंबई, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली. मधले तिन्ही थांबे संस्थानी राजधान्यांचे, हा योगायोग नव्हे. तळ बांधण्याचा खर्च संस्थानांनी आधीच उचललेला होता, आणि अशा तळांवरून पावले टाकीत जाणे हे कमी पल्ल्याच्या विमानांना भागच होते. या मार्गावर ‘वाको’ ही अमेरिकी बनावटीची, एका इंजिनाची, बंदिस्त कक्षाची द्विपंखी विमाने योजली होती. त्यांत वैमानिकाखेरीज तीनचार माणसांपुरतीच जागा असे. मुंबई-इंदूर हे हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. ताशी दोनशेच्या आसपास वेग धरला तर अडीच तासांत माळवा येत असे. रेल्वेला त्यासाठी रात्र मोडावी लागे आणि खांडव्याला गाडी बदलावी लागे ती वेगळीच.

एक विसंगती इथे नोंदवण्याजोगी आहे. आधुनिक विमाने त्या वर्षांत भारताच्या आकाशात नव्हती असे नाही. केएलएमची डग्लस विमाने ॲम्स्टरडॅमहून बटाव्हियाकडे जाताना कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता असा मार्ग घेत. जोधपूरच्या महाराजा उमेदसिंहांनी आपला तळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीस खुला केला होता. म्हणजे परदेशी कंपन्यांची धातूची मोठी विमाने एका संस्थानावरून जात होती, तर देशी कंपनीचे चार माणसांचे विमान दुसऱ्या संस्थानात उतरत होते. मराठी मुलखात कोल्हापूरनेही मागे राहायचे नाकारले. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत उजळाईवाडीचा तळ जानेवारी १९३९ मध्ये सुरू झाला.

युद्धाने टाकून दिलेली विमाने

दुसऱ्या महायुद्धात डीसी-३ चे लष्करी रूप दहा हजारांहून अधिक संख्येने बनले. ब्रिटिशांनी त्याला डाकोटा हे नाव दिले आणि भारतात तेच रूढ झाले. युद्ध संपताच अशी शेकडो विमाने भारतात जादा ठरली व स्वस्तात विक्रीस निघाली. त्यांना प्रवासी विमानांचा साज चढवण्याचे काम बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याने केले. हा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने उभारलेला. त्याचा उगमही विमानप्रवासातच आहे. १९३९ मध्ये पॅसिफिक महासागरावरून जाताना वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि तिथल्या बोलण्यातून भारतात विमान कारखाना काढण्याचा विचार पक्का झाला.

स्वस्त डाकोटा मिळताच कंपन्यांचे पीक आले. टाटा एअरलाइन्सचे २९ जुलै १९४६ रोजी एअर इंडिया झाले. एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, अंबिका एअरलाइन्स अशी नावे झळकली. फाळणीच्या काळात निर्वासितांना आणण्यास आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवण्यास हीच नागरी डाकोटा विमाने उपयोगी पडली. इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबई या नियमित फेऱ्या जुलै १९४८ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा होळकर संस्थान नुकतेच मध्य भारत संघात विलीन झाले होते. एप्रिल १९५० मध्ये बिजासनचा तळ केंद्र सरकारकडे गेला. संस्थान गेले, राजाचा तळ तेवढा सार्वजनिक झाला.

परंतु विमाने स्वस्त मिळाली म्हणून उतारू वाढले नाहीत. परवाने अधिक आणि प्रवासी थोडे, अशी अवस्था झाली. इंधन महाग, आसने रिकामी, आणि काही कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील हवाई वाहतूक चौकशी समितीने १९५० मध्ये या दुखण्याचे निदान केले. देशातील वाहतुकीला झेपतील त्याहून जास्त कंपन्या आहेत आणि त्यांनी एकत्र यावे, असा तिचा कौल होता. स्वेच्छेने कोणी एकत्र आले नाही. अखेरीस संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ झाले. त्याच्या पदरी आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती. जे. आर. डी. टाटा यांचा राष्ट्रीयीकरणास विरोध होता. तरी परदेशी मार्ग चालवणाऱ्या एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले. परवाने खिरापतीसारखे वाटणाऱ्यांनीच पुढे कंपन्या बुडाल्या म्हणून त्या ताब्यात घ्याव्यात, ही टीका तेव्हा झाली होती आणि ती निराधार म्हणता येत नाही.

नागपूरची मध्यरात्र

या काळातील सर्वांत कल्पक योजना मराठी भूमीवर घडली. जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीनंतर ती चारही नागपूरच्या सोनेगाव तळावर एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई, उतारू विमान बदलत आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. सायंकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळू लागले. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची पद्धत टपाल खात्याने सुरू केली. त्यामुळे ज्यांनी विमान जवळून पाहिलेही नव्हते, त्यांचे पोस्टकार्डाशेजारचे लिफाफे मात्र विमानातून जाऊ लागले. मनीऑर्डरीवर गावाकडचे घर चालवणाऱ्या परदेशीपुऱ्यासारख्या वस्तीला विमानयुगाचा पहिला लाभ झाला तो असा, टपालपेटीतून.

रात्रीच्या या सेवेची किंमतही मोजावी लागली. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून उड्डाण करताच इंजिनातील बिघाडाने डाकोटा कोसळले आणि तेरा जण दगावले. वाचला तो केवळ वैमानिक. मृतांत इंटक या कामगार संघटनेचे नेते व खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. इंदूरच्या गिरणी कामगारांत इंटकचे बळ मोठे होते, त्यामुळे ही वार्ता गिरण्यांच्या वस्तीत परक्याची म्हणून वाचली गेली नसणार. महामंडळ स्थापन होऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. विन्स्लोच्या तळावर वीस वर्षांपूर्वी एका इंजिनावर उडून दाखवलेल्या डीसी-१ चेच हे वंशज. पण पूर्ण भार, रात्र आणि जमिनीपासूनची अल्प उंची एकत्र आली की ती हमी पुरत नाही.

दाबोळीचा वेगळा मार्ग

गोव्यात विमानसेवा वाढली ती व्यापारासाठी नव्हे, कोंडीतून वाट काढण्यासाठी. भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर पोर्तुगीज प्रशासनाने १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ खुला केला आणि ‘ताइप’ ही स्वतंत्र कंपनी काढली. दमण, दीव व कराची येथे तिच्या फेऱ्या होत आणि पुढे लिस्बनपर्यंत मार्ग गेला. भारतीय भूमीवर उतरण्याची मुभा नसल्याने दोनअडीचशे मैलांवरचे मुंबई टाळून कराची जवळची झाली होती. व्हायकिंग आणि चार इंजिनांची डीसी-४ ही तिची विमाने. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बाँब टाकले. टर्मिनलची इमारत मुद्दाम वगळली होती. त्याच रात्री एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि ताइपचे एक डीसी-४ अशी दोन नागरी विमाने फुटक्या धावपट्टीच्या शाबूत तुकड्यावरून काळोखात उडाली व कराचीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज सत्ता संपली. दाबोळीचा तळ नौदलाकडे गेला आणि नागरी वाहतूक त्याच्याच अंगणात वाढली.

एव्हाना जग पुढे निघून गेले होते. मे १९५२ मध्ये ब्रिटनच्या कॉमेटने जेट प्रवासाचा आरंभ केला, ऑक्टोबर १९५८ मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला गेले आणि १९६० मध्ये ते एअर इंडियाच्या ताफ्यात आले. देशांतर्गत मार्गांवर मात्र डाकोटा पुढेही कित्येक वर्षे टिकून होते. आखूड किंवा कच्च्या धावपट्टीवर उतरणारे आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त होणारे दुसरे विमान लहान शहरांना उपलब्धच नव्हते.

बिजासनच्या तळाला आज देवी अहिल्याबाई होळकर यांचे नाव आहे. तेथून पहिले आंतरराष्ट्रीय प्रवासी विमान १५ जुलै २०१९ रोजी दुबईकडे निघाले. परदेशीपुऱ्यात इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स उभे आहे आणि भोवतालच्या गिरण्यांचे भोंगे बंद होऊन बराच काळ लोटला आहे.